शेंदराखालचा नंबर

मामांना केव्हाही विचारलं, "काय करताय?" की उत्तर ठरलेलं. "बसलंय." हे मालवणी, म्हणजे आपलं "बसलोय". हे सांगताना ते खरोखर बसलेले असोत किंवा भर उन्हात पाण्याचा पाइप ओढत मैदानभर फिरत असोत, उत्तरात फरक पडत नसे. नव्याने क्लबात आलेला माणूस गोंधळून त्यांच्या पायांकडे बघायचा. आम्हा जुन्यांना सवय झाली होती.

दादर आणि परळच्या मधे, जुन्या चाळी आणि नवे टॉवर यांच्या चिमटीत सापडलेलं एक मैदान अजून शिल्लक आहे. तिथल्या क्लबच्या ऑफिसात मी कारकून म्हणून लागले तेव्हा तेवीस वर्षांची होते. मामा तिथले मुख्य माळी. पन्नाशी उलटलेला, काटकुळा, पांढऱ्या मिशांचा माणूस. जन्म लालबागच्या चाळीतला, गाव मालवणजवळ, त्यामुळे बोलणं अर्धं मालवणी आणि अर्धं गिरणगावचं. नात्याने ते कुणाचेच मामा नव्हते, पण क्लबच्या अध्यक्षांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणत.

आणि त्यांची ती गाडी. खरं तर गवत कापायची मशीन, पण बसून चालवायची. पुढे छोट्या ट्रॅक्टरसारखं बॉनेट, मधे सीट, आणि पोटाखाली पत्र्याचा एक चपटा डबा. त्या डब्यात शेजारी-शेजारी दोन लांब पाती गरगर फिरत. शहराबाहेरच्या कुठल्याशा गोल्फ मैदानाने ती टाकून दिली होती आणि आमच्या एका सभासदाने ओळखीने इकडे आणवली होती. मामांपुढे कुणी तिला मशीन म्हटलं तर ते ऐकलंच नाही असं दाखवत. गाडी म्हटलं की लगेच वळून बघत.

माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी त्यांना निरोप पाठवला की मस्टरवर सही करायला ऑफिसात या. निरोप परत आला, "बसलंय." मी दुसऱ्यांदा पाठवला. पुन्हा तेच. शेवटी तणतणत मस्टर काखेत मारून मीच मैदानात गेले. मामा शेडमध्ये बंद गाडीवर ऐटीत बसले होते, स्टिअरिंगवर डबा ठेवून भाकरी आणि सुकटीची चटणी खात होते. मी मस्टर पुढे केलं. त्यांनी डावा हात पुसला, डाव्याच हाताने सही केली आणि म्हणाले, "उन्हातसून इलंस. पानी पी." मला इतका राग आला होता की मी पाणी प्यायले नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र मस्टर घेऊन मीच जाऊ लागले, आणि पाणीही पिऊ लागले.

गाडीवर दुसऱ्या कुणी बसलेलं त्यांना खपत नसे. सभासदांची पोरं फोटोसाठी हट्ट करत, तेव्हा मामा त्यांना बाजूला उभं करून फोटो काढू देत. ते स्वतः बसायचे तेही वहाणा काढून. देवळाबाहेर ठेवाव्यात तशा त्या चाकाशेजारी नीट जोडीने ठेवायचे. गवत कापून शेडपर्यंत आले की परत अनवाणी चालत जाऊन त्या घेऊन यायचे. इतका द्राविडी प्राणायाम कशासाठी, असं मी एकदा विचारलं. "बसूची जागा असा ती," एवढंच म्हणाले.

त्याचं कारण मला बऱ्याच महिन्यांनी कळलं. दुपारची वेळ होती, मैदानात कुणी नव्हतं. मामा आपणहून बोलायला लागले. "माझो बापूस गिरणीत साच्यावर होतो, कापड विनायचो. जन्मभर उभो रवलो गो. पायाच्या शिरा अश्या फुगल्यो. घरी इलो तरी भिंतीक टेकून उभोच. बसायची सवयच गेली. मीपन इकडे वीस वर्सां रोलर ढकलला, हातमशीन ढकलली. मग ही इली." त्यांनी सीटवर थाप मारली. "आमच्या घराण्यात बसान काम करनारो मी पयलो." माझे आजोबाही गिरणीत होते, सूतखात्यात. त्यामुळे मला हे फोड करून सांगावं लागलं नाही. ऑफिसातल्या माझ्या खुर्चीचं एक चाक तुटलेलं होतं आणि मी रोज तिच्या नावाने बोटं मोडत होते. त्या दिवशी मोडली नाहीत.

मामांची गवताची परीक्षा तळपायाने चालायची. सकाळी सहाला अनवाणी एक चक्कर. तेवढ्यावरून ते सांगत की डाव्या पात्याची धार गेली, उजवं अजून आठवडाभर चालेल. मला वाटायचं, थापा मारतात. मग त्यांनी मला गवताची एक काडी जवळून दाखवली. धारदार पात्याने कापलेली काडी सरळ तुटते. बोथट पात्याने ती फाटते, टोक पांढरं पडतं आणि दोन दिवसांनी सगळं मैदान आजारी दिसायला लागतं. "न्हाव्याचा वस्तारा बोथट असलो तर गालाक कळता का नाय?" ते म्हणाले. महिन्यातून एकदा पाती काढून, गोणपाटात गुंडाळून ते चिंचपोकळीच्या धारवाल्याकडे चालत न्यायचे. दुसऱ्या कुणावर त्यांचा विश्वास नव्हता.

दसऱ्याला गाडीची पूजा. आदल्या दिवशी तिला आंघोळ, दसऱ्याला झेंडूची माळ, नारळ, आणि कपाळाला शेंदूर. हे कपाळ म्हणजे बॉनेटच्या समोरची हातभर रुंद जागा, तिच्या बरोब्बर मधे एक छोटी चौकोनी पत्र्याची पट्टी होती. गाडी आली त्या पहिल्या वर्षी मामांना वाटलं, टिळा लावायला कंपनीने मुद्दाम जागा सोडली आहे. दरवर्षी तिथेच तेलात कालवलेल्या शेंदराचा एक थर. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, तिला सुट्टी. आमच्या घरी दसऱ्याला पांढरी साडी नेसून विहारात जायचं. भिंतीवर बुद्ध, आणि नारळ फक्त कालवणात. तरी संध्याकाळी मी मैदानात डोकावायचेच, कारण मामा माझ्यासाठी वाटलीडाळ राखून ठेवायचे.

मग एका डिसेंबरात ते झालं. कुठल्याशा शाळेच्या स्नेहसंमेलनाचा मांडव उतरवताना एक लोखंडी खुंटी जमिनीत राहिली. मामांची गाडी त्यावरून गेली. असा आवाज झाला की समोरच्या चाळीच्या गॅलरीत माणसं आली. एक पातं वाकलं होतं, दुसऱ्याचं टोकच उडालं होतं. मामा खाली उतरले, वाकून बघितलं, आणि वहाणा न घालताच शेडमध्ये जाऊन बसले.

आमचे सेक्रेटरी निवृत्त बँक मॅनेजर. माणूस वाईट नाही, पण नादुरुस्त वस्तू त्यांना नजरेसमोर चालत नाही. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "बारा दिवसांनी शाळांची स्पर्धा आहे. त्याआधी ती मशीन नीट चालली तर ठीक. नाहीतर ती भंगारात, आणि गवत कंत्राटदाराकडे. त्याच्या स्वतःच्या मशिनी असतात."

"आणि मामा?"

"मामांना पाइप धरायचं काम आहेच की."

म्हणजे मामा पुन्हा उभे. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त सीटवरची धूळ हाताने पुसली. मला मात्र आतून पेटल्यासारखं झालं, आणि पाती आणायची जबाबदारी मी आपणहून गळ्यात घेतली.

पहिल्याच दुकानदाराने फोनवर विचारलं, मॉडेल नंबर काय? दुसऱ्यानेही तेच. तिसऱ्याने जरा समजावून सांगितलं की पात्यांची लांबी, मधलं भोक, जाडी सगळं मॉडेलप्रमाणे बदलतं. गाडीवर कुठेतरी पट्टी असेल, त्यावर बघा. मी शेडमध्ये जाऊन गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि चौथ्या फेरीत थांबले. पट्टी होती. सहा दसऱ्यांच्या शेंदराखाली. बोट लावून बघितलं तर थर दगडासारखा.

"मामा, हा शेंदूर काढावा लागेल."

मामांचा चेहरा असा झाला, जणू मी काही भलतंच बोलले. "कपाळाक हात लावायचो नाय," ते म्हणाले. "नंबर कित्याक व्हयो? हातात पातां असा, डोळ्यांत नजर असा. मी आनतंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं माझगावच्या दारूखान्यात. तिथे मोडीत काढलेल्या जहाजांचं सामान मिळतं, आणि त्याच्या आडून जगातलं बाकी काहीही. एका गाळ्यात एका चाचांकडे गवताच्या मशिनींची पाती ढिगाने पडली होती. मामांनी वाकलेल्या पात्याच्या पाठीवरून सुतळी फिरवून तिला गाठ मारून आणली होती. चाचांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मॉडल नंबर बोलो."

"नंबर नाय," मामा म्हणाले. "डोरी है."

"डोरी से तो लोग लुंगी बांधते हैं, भाई. बिना नंबर के मैं क्या दूँ?"

मामा उकिडवे बसले आणि बाजारात सरंगा-पापलेट निवडतात तसं एकेक पातं उचलायला लागले. नखाने टिचकी मारायची, कानाशी न्यायचं, आवाज विरेपर्यंत डोळे मिटायचे. मग मधल्या भोकात बोट. आमच्या पात्यांचं भोक चांदणीच्या आकाराचं होतं, त्यामुळे गोल भोकाची सगळी बाद झाली. मग टोकांकडे बघायचं. पात्याच्या टोकाला मागची कड वर वळलेली असते, मामा तिला कान म्हणत. "ह्याचे कान बघ किती उभे. वारो जास्ती घेतला. गवत कापून थांबूचा नाय, सगळ्या चाळीत धूळ उडवत बसात." मग दुसरी जोडी, "हे बघ, कानच नाय. कापलेला गवत थंयच बसात गोळे होवन." चाचा आधी हसत होते, मग हळूहळू स्वतःच पाती काढून त्यांच्या हातात द्यायला लागले.

अगदी पहिली जी जोडी हातात आली होती तिचा आवाज मामांना फार आवडला होता. डोळे मिटून दोनदा ऐकला. पण सुतळी लावली तर ती दोन बोटं लांब भरली. "वायच मोठी," असं हळहळत त्यांनी ती बाजूला ठेवली. शेवटी सुतळीच्या गाठीला बरोबर बसणारी, चांदणीच्या भोकाची, बेताच्या कानांची जोडी मिळाली. येताना टॅक्सीत मामांनी ती मांडीवर घेतली होती आणि चालकाला खड्डे चुकवायला सांगत होते.

पाती बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा वहाणा काढून चढले, गाडी निघाली, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन वळली. मी टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच ठेवले. कापलेल्या पट्ट्याच्या बरोबर मधे, मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बोटभर रुंदीची गवताची शेंडी उभी होती. मामांनी पुन्हा त्यावरून गाडी नेली. ती कापली गेली, पण शेजारी दुसरी आली. नेटमध्ये सराव करणारी पोरं पोट धरून हसायला लागली.

क्लबच्या गॅलरीतून सेक्रेटरींनी विचारलं, "मामा, हे काय आहे?"

"डिझाइन," मामा म्हणाले आणि गाडी शेडमध्ये नेली.

चूक कुठे झाली ते दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. सहा वर्षं महिन्याच्या महिन्याला चिंचपोकळीला धार लावून लावून ते पातं टोकांना झिजत गेलं होतं. दोन्ही पाती सारखीच झिजली, मधे राहणारी रेघ पुढच्या फेरीत कापली जावी अशी मामा नकळत गाडी जवळजवळून फिरवत गेले, आणि झीज कुणाला दिसली नाही; आज नव्या पात्यांच्या भरवशावर त्यांनी पूर्ण रुंदीची फेरी घेतली आणि ती उघडी पडली. सुतळीने मोजलं ते झिजलेलं पातं. खरी लांबी किती होती, हे फक्त शेंदराखालची ती पट्टी सांगणार होती. स्पर्धेला पाच दिवस उरले होते.

मामा गाडीसमोर जाऊन उभे राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाय, तू ह्या सगळा मानणस नाय मा?"

"नाही."

"मग तूच काढ. तुका काय पाप लागाचा नाय."

मला पहिल्यांदा हसू आलं आणि मग राग. "मी मानत नाही, मामा. पण तुम्ही मानता. तुमचं मानणं मी का खरवडू? ते तुमचं तुम्हीच काढायचं."

ते खाली बसले, जमिनीवर. गाडी उभी असताना त्यांना जमिनीवर बसलेलं मी तेव्हाच पाहिलं. "कसा सांगू तुका," ते म्हणाले. "सवाशिणीचा कुंकू पुसतत काय? कपाळ उघडा पडला तर ती गाडी कोनाची? मग ती भंगारचीच." त्यांचे डोळे भरले होते. माझा सगळा तोरा उतरला.

मला एकदम आईचे हात दिसले. आई बांगड्या भरायला जायची तेव्हा जुन्या सगळ्या एकदम उतरवू देत नसे. एक हातात ठेवायची, नव्या भरून झाल्या की मग ती काढायची. देवाधर्माचं आमच्या घरात काही नव्हतं, पण हात रिकामा दिसता कामा नये, हे होतं.

"मामा," मी म्हटलं, "आधी नवा टिळा लावा. पट्टीच्या वर, बॉनेटवर. मग जुना काढा. कपाळ एक क्षणही उघडं राहणार नाही."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना अख्खं मैदान लिहून दिलंय. उठले, हातपाय धुतले, कपाटातून शेंदराची पुडी काढली. पट्टीच्या चार बोटं वर, अंगठ्याने, एक ठसठशीत टिळा. मग जुन्या थरावर कोमट खोबरेल. दुपारभर ते मुरू दिलं. चार वाजता त्यांनी नारळाच्या करवंटीच्या कडेने हलकेच उचकटलं, आणि सगळा थर एका तुकड्यात, बिस्किटासारखा, हातात आला. आतल्या बाजूला अक्षरं उलटी उमटली होती. खाली पट्टी नवी कोरी चमकत होती, ऊन नाही, पाऊस नाही, सहा वर्षं जपून ठेवल्यासारखी.

मी नंबर वाचून दारूखान्याच्या चाचांना फोन केला. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज, मग चाचा हसायलाच लागले. "अरे, ये तो वही जोड़ी है, जो मामा ने सबसे पहले उठाई थी."

मामांना सांगितलं. ते गालात हसले. "कान सांगत होतो," म्हणाले. "मी सुतळीचा ऐकलंय."

नवी पाती लागली त्या सकाळी मी मस्टर घेऊन मुद्दाम लवकर गेले. गाडी मैदानभर गेली आणि आली, गेली आणि आली. कुठे शेंडी नाही, कुठे फाटकं टोक नाही. कापलेल्या गवताचा वास थेट रस्त्यापर्यंत आला आणि चाळीच्या गॅलरीतून एका आजीबाईंनी हात केला. सेक्रेटरी गॅलरीत आले, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं आणि आत गेले. भंगाराचा विषय नंतर कुणी काढला नाही. मी मस्टर पुढे केलं, मामांनी चालत्या गाडीवरून सही केली. ती सही अर्ध्या पानभर लांबली आहे. मस्टर अजून माझ्या कपाटात आहे.

शेंदराचा तो तुकडा त्यांनी स्टीलच्या डबीत घालून देव्हाऱ्यात ठेवला. वर, माझ्या हाताने लिहून घेतलं, "गाडीचा नंबर". पुन्हा अडायला नको.

गेल्या वर्षी मामा निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, सेक्रेटरींचं भाषण. मामांनी शाल घेतली आणि हळूच विचारलं, गाडीला नवीन सीट बसवलीत, मग जुनी माका देशात काय? फाटक्या रेक्झिनची ती सीट घेऊन ते परळहून रात्रभराच्या बसने गावी गेले. क्लीनर म्हणाला, डिकीत टाका. मामांनी ती आपल्या सीटवर ठेवली आणि तिच्यावर बसले. गावात अंगणातल्या चिऱ्याच्या कट्ट्यावर ती पक्की केली आहे. त्यांच्या मुलीने फोटो पाठवला. समोर काजूची झाडं, पायाशी कोंबडी, आणि मामा स्टिअरिंग नसतानाही हात थोडे पुढे धरून.

या दसऱ्याला मी पांढऱ्या साडीतच मैदानात गेले. गाडीला माळ घातलेली होती, टिळा पट्टीच्या वर, जागच्या जागी. नवा माळी घरी गेला होता, शेडमध्ये कुणी नव्हतं. मी इकडेतिकडे बघितलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा चढून बसले. सीट नवी होती, जरा कडक. मामांना फोन लावला.

"काय करताय, मामा?"

"बसलंय," मामा म्हणाले. "तू?"

"मीपण. तुमच्या गाडीवर."

पलीकडे कोंबडीचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं, रागावले. मग मामा घसा खाकरून म्हणाले, "वहाणा काढलंस मा?"

मी खाली बघितलं, घाईघाईने दोन्ही चपला काढून चाकाशेजारी टाकल्या, आणि मग म्हटलं, "हो, मामा."